बनाना स्प्लिट: उंची नको, आधी केळं बघा

आइस्क्रीम पार्लरमध्ये बनाना स्प्लिट समोर आला की नजर जाते ती वरच्या क्रीमवर. जेवढं उंच तेवढं भारी, असं आपण धरूनच चालतो. पण ते क्रीम फेटलेलं असतं, म्हणजे त्यात हवाच भरपूर. या पदार्थाची परीक्षा तळाशी होते, उभ्या चिरलेल्या केळ्याच्या दोन फाकांवर. गावातल्या चार पार्लरांचे स्प्लिट चाखून त्यांची तुलना करायची असेल, तर सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. आणि केळ्याबद्दलच सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

त्याआधी जन्माची गोष्ट. हा पदार्थ एखाद्या बड्या आइस्क्रीम कंपनीने काढला असेल, असं अनेकांना वाटतं. तो जन्मला औषधांच्या दुकानात. १९०४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॅट्रोब या लहानशा गावी, टॅसल फार्मसीत काम शिकणाऱ्या २३ वर्षांच्या डेव्हिड स्ट्रिकलरने तो पहिल्यांदा केला, असं मानलं जातं. तिथल्या औषधांच्या दुकानांत तेव्हा सोडा फाउंटन असायचं. सिरप आणि सोडा मिसळणारे हात आइस्क्रीमही वाढत. स्ट्रिकलरच्या स्प्लिटची किंमत होती १० सेंट, इतर संडेच्या, म्हणजे सॉस घातलेल्या आइस्क्रीमच्या, दुप्पट. ओहायोतलं विल्मिंग्टन हा मान एर्नेस्ट हॅझर्ड या हॉटेलमालकाला देतं, साल १९०७, आणि त्यासाठी दरवर्षी उत्सवही भरवतं. अमेरिकेतल्या आइस्क्रीम विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने मात्र २००४ मध्ये लॅट्रोबच्या बाजूने कौल दिला. पुढे शिकागोच्या चार्ल्स वॉलग्रीन यांनी आपल्या औषध-दुकानांच्या साखळीतून हा पदार्थ देशभर नेला.

आता केळं. ‘अगदी मूळ चवीचा’ स्प्लिट आज सहसा कुठेच मिळत नाही, लॅट्रोबमध्येसुद्धा नाही. त्या काळी अमेरिकेत येणारं केळं होतं ग्रो मिशेल जातीचं. मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने त्याच्या बागाच्या बागा बसल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत निर्यातीचा व्यापार कॅव्हेंडिश गटाच्या केळ्यांवर गेला. जळगाव-रावेरकडचे शेतकरी ज्याला जी-नाइन म्हणतात ते ग्रँड नैन याच गटातलं. जुनी बसराईसुद्धा त्यातलीच. म्हणजे आज अमेरिकेतल्या पार्लरमध्ये आणि आपल्याकडे स्प्लिटसाठी चिरलं जाणारं केळं एकाच कुळातलं आहे. परदेशी केळं असेल तरच खरा स्प्लिट, या समजुतीत काहीच तथ्य नाही. वेलची केळं चवीला गोड असलं तरी या कामाला आखूड पडतं. त्याचा स्प्लिट केला तर लांबट डिश अर्धी रिकामी राहते.

साल काळी पडली की केळं सडलं, हा समज तर घरोघरी आहे. केळं साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की सालीतल्या पेशींना इजा होते आणि ती काळवंडते. पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर साल काळी होऊनही आतला गर पुष्कळदा चांगला असतो. हिरवं केळं फ्रिजमध्ये ठेवलं तर मात्र ते नीट पिकत नाही. पिठूळ आणि बेचव राहतं.

बघायचं असतं ते गराकडे. चांगला कारागीर ऑर्डर आल्यावरच केळं सोलतो, उभं चिरतो आणि दोन्ही फाका काचेच्या लांबट डिशच्या कडेने लावून मध्ये आइस्क्रीम बसवतो. ताज्या फाकेचा चिरलेला भाग फिकट आणि किंचित ओलसर दिसतो. आधीच चिरून ठेवली असेल तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे गरातलं विकर काम करू लागतं आणि कड तपकिरी होते. विषबाधा वगैरे काही होत नाही, पण चव आणि पोत दोन्ही उतरतात. फाकेला चमचा लावून बघा: ती सहज तुटली पाहिजे, पण लगदा होता कामा नये. सालीवर नुकतेच ठिपके उमटू लागलेलं केळं त्यासाठी उत्तम, कारण तोवर स्टार्चची बरीचशी साखर झालेली असते आणि गर अजून घट्ट असतो.

आइस्क्रीमबाबत एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. स्कूपमध्ये वाढलं जाणारं सगळंच आइस्क्रीम नसतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार नुसतं ‘आइस्क्रीम’ म्हणून विकायचं तर त्यात किमान १० टक्के दुधातलं फॅट लागतं. वनस्पती तेल किंवा वनस्पतिजन्य फॅट वापरून केलेला पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणून विकावा लागतो. तो खाण्यायोग्य आणि कायदेशीर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते कळायला हवं. काउंटरवरच्या डब्याचं लेबल वाचा किंवा सरळ विचारा. छोट्या दुकानात हमखास भेसळ आणि मोठ्या ब्रँडचं सगळं दुधाचं, हा हिशेब चुकीचा आहे. घरचं दूध आटवून आइस्क्रीम करणारी छोटी दुकानं आजही आहेत आणि फ्रोझन डेझर्ट विकणारे बडे ब्रँडही आहेत.

स्प्लिटमध्ये व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी हे तीन स्कूप, त्यांवर अनुक्रमे अननस, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरीचा सॉस, ही सर्वमान्य मांडणी. तो नियम मात्र नाही. सीझनला आंब्याचा किंवा सीताफळाचा स्कूप घातला म्हणून काही बिघडत नाही. तुलना करायची असेल तर व्हॅनिलापासून सुरुवात करा, त्यात दुधाचा कस लपत नाही.

राहिली वरची लाल चेरी. पाश्चात्त्य देशांतली मॅराशिनो चेरी ही खरी चेरीच असते, पण तिचा रंग आधी काढून टाकतात आणि मग तिला साखरेच्या पाकात मुरवून पुन्हा रंग देतात. आपल्याकडे केकवर आणि संडेवर दिसणारं ‘चेरी’ नावाचं फळ पुष्कळदा पाकात मुरवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. फोडून आतली बी बघितली की फरक लगेच कळतो: चेरीला एकच टणक आठळी, करवंदाला बारीक चपट्या बिया. त्या काढून टाकलेल्या असतील तर दुकानदाराला विचारावं. डबा त्याच्याजवळच असतो.