लोकलमधल्या गप्पा आणि सम्यक वाचा

पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तेव्हापासून मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव या भागातली आपली माणसे याच गाडीने कामाला जात आली आहेत. कोणी देहूरोडच्या डेपोत, कोणी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात, कोणी दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये, तर कोणी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच पाच-सहा माणसे. मग गप्पा या होणारच.

आणि त्या गप्पा तरी कशा? भातलावणी झाली का, सोसायटीचे कर्ज मंजूर झाले का, साहेब कसा खडूस आहे, मुलीला पाहायला कोण आले होते. बायकांच्या डब्यात मेथी निवडता निवडता सासू, नणंद, शाळेची फी सगळे निघते. यात कामाच्या गोष्टीही पुष्कळ असतात. कुठल्या कंपनीत भरती आहे, जातीच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, रक्ताची बाटली कुठे मिळेल, हे आपल्या कितीतरी कुटुंबांना ऑफिसच्या खिडकीवर कळायच्या आधी लोकलच्या बाकावर कळलेले आहे. हल्ली निम्मी मंडळी कानात वायर घालून मोबाईलमध्ये मान खुपसून बसतात, त्यामुळे गप्पा थोड्या ओसरल्या आहेत. तरी कामशेतला जागा धरून ठेवणारे मित्र अजून आहेत.

आमच्यातले काही कार्यकर्ते बंधू म्हणतात, हा सारा वेळ फुकट जातो. तथागतांनी वायफळ बडबड वर्ज्य सांगितली आहे. बरोबर आहे. ‘उदान’ या पाली ग्रंथात एक प्रसंग आहे. भोजन आटोपल्यावर भिक्खू सभागृहात बसून गप्पा मारत होते. विषय कोणता? तर मगधाचा बिंबिसार आणि कोसलचा पसेनदी या दोन राजांपैकी अधिक श्रीमंत कोण! संध्याकाळी भगवंत तेथे आले आणि त्यांनी विचारले, काय चर्चा चालली होती? भिक्खूंनी खरे ते सांगितले. तेव्हा भगवंत म्हणाले की, प्रव्रजितांनी एकत्र बसल्यावर दोनच गोष्टी कराव्यात, धम्माची चर्चा किंवा आर्य मौन.

पण बंधू-भगिनींनो, हा उपदेश घरदार सोडलेल्या भिक्खूंना आहे. पहाटे चारला उठून डबा करणाऱ्या आणि रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या बाईने गाडीतही मौन पाळावे, असे मला तरी वाटत नाही. गृहस्थाच्या वाचेची कसोटी दुसरी आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक वाचा समजावून सांगितली आहे. त्यात अर्थहीन बडबड टाळण्याबरोबरच खरे बोलणे, निंदानालस्ती न करणे, शिवीगाळ न करणे, सर्वांशी आपुलकीने बोलणे हे सारे आहे. आणि त्यांनी विशेष म्हणजे हेही सांगितले आहे की, सम्यक वाचा भीतीपोटी किंवा कोणाच्या मर्जीसाठी पाळायची नसते.

हे भीतीचे कलम आपल्या लोकांनी नीट वाचावे. कारण गप्पांमध्ये आपली खरी अडचण बडबडीची नाही, गप्प बसण्याची आहे. नवीन माणूस बाकावर आला की दहा मिनिटांत प्रश्न येतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” नोकरभरतीचा विषय निघाला की एखादा हसत हसत बोलून जातो, “तुमचं काय बुवा, तुम्हाला सवलती!” सगळे हसतात. आपला माणूसही हसतो आणि खिडकीबाहेर पाहतो. ते हसणे खोटे असते. पंचशीलातले चौथे शील अशा वेळी आठवावे.

माझ्या ओळखीचे एक फिटर आहेत. वीस वर्षे एकाच घोळक्यात बसून प्रवास केला. दर ६ डिसेंबरला ते गाडीला नसत. दुसऱ्या दिवशी मित्रांनी विचारले की सांगत, “गावी गेलो होतो.” एका वर्षी मात्र त्यांनी सरळ सांगितले, “दादरला गेलो होतो, चैत्यभूमीला.” वडगाव ते तळेगाव कोणी बोलले नाही. मग एका वारकरी मित्राने विचारले, “गर्दी लई असते म्हणतात, दर्शनाला किती वेळ लागतो हो?” तेथून रांग, पुस्तकांचे स्टॉल, शिवाजी पार्कवरचे जेवण असे बोलणे निघाले ते गाडी देहूरोडला येईपर्यंत. देहूरोड आल्यावर फिटर म्हणाले, “इथल्या विहारातली बुद्धमूर्ती रंगूनहून आणलेली आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतः तिची स्थापना केली.” घोळक्यातले दोघे वीस वर्षे याच स्टेशनवरून जात होते, त्यांना हे ठाऊक नव्हते. सगळेच गोड झाले असे नाही. एक जण त्या दिवसापासून पुढच्या डब्यात चढू लागला, तो अजून तिकडेच आहे.

पुढे तोच घोळका एका रविवारी बायका-मुलांसह मळवलीला उतरून कार्ल्याला गेला. एरवी तिथे बहुतेक जण एकवीरेच्या दर्शनालाच जातात, शेजारचे चैत्य उभ्या उभ्या पाहतात. फिटरनी मुलांना दाराजवळचे ब्राह्मी लेख दाखवले. दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले आणि तसे दगडात कोरून ठेवले. नाव, गाव, बापाचे नाव, धंदा. एका दारावर सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे दान नोंदलेले आहे. कोणा राजाच्या आडोशाला न जाता या कष्टकऱ्यांनी आपली ओळख उघड्यावर लिहिली.

वारकरी मित्राचा नातू आयटीआयला आहे. तो त्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारत होता, “काका, यातलं ‘सामी’ नेमकं कुठं लिहिलंय?” मग खाली उतरून झाडाखाली डबे उघडले. भाकरी, खर्डा, सुकट, दोघांसाठी वेगळी बटाट्याची भाजी, आणि पुन्हा त्याच गप्पा: यंदा भात कसा आहे, साहेब कधी रिटायर होतो.