ढेकूण गेल्यानंतर

घरात ढेकणांवर औषध मारून झाले, मेलेले किडे झाडून काढले आणि दोन रात्री स्वस्थ झोप लागली, की हा विषय कायमचा मिटला असे बहुतेक कुटुंबांना वाटते. वस्तुतः खरे काम तेथूनच सुरू होते. फवारणीने ढेकणांची संख्या घटते. घर ढेकणांपासून मुक्त होते ते नंतरच्या काही आठवड्यांच्या दक्षतेने. कोलकात्यासारख्या उष्ण, दमट आणि दाट वस्तीच्या शहरात तर या दक्षतेवाचून औषधावर केलेला खर्च पाण्यात जाण्याचाच संभव अधिक.

बंगाली भाषेत ढेकणाला ‘छारपोका’ म्हणतात. उत्तर कोलकात्यातील जुन्या ‘मेसबाड्यां’शी या किड्याचे नाते पूर्वापार आहे. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले पुरुष अशा मेसमध्ये एकेका खोलीत तीनतीन-चारचार लाकडी तख्ते टाकून राहत. तख्ताच्या फळ्यांमधील फटी, खिडक्यांच्या लाकडी झडपा, भिंतीचे सुटलेले पोपडे आणि रोज रात्री ठरल्या जागी निजणारी माणसे, इतके मिळाले की ढेकणाला आणखी काही नको असते. आज सदनिकांची वस्ती वाढली आहे. पण फटी आहेत, माणसे आहेत, आणि ढेकूणही आहेच.

उष्ण प्रदेशात आढळणारी ढेकणाची जात थंड देशांतील जातीहून थोडी निराळी आहे. परंतु दोघींचा जीवनक्रम सारखाच. मादी सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढुरकी अंडी फटीत चिकटवून ठेवते. उबदार हवेत ती साधारणपणे आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकून प्रौढ होते आणि दर वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला रक्त प्यावे लागते. प्रौढ ढेकूण उपाशीपोटी पुष्कळ दिवस, आणि हवा थंड असल्यास कित्येक महिने, तग धरू शकतो. म्हणून खोली काही दिवस कुलूप लावून ठेवली की ढेकूण उपासमारीने मरतील, हा समज भरवशाचा नाही.

फवारणी अपुरी का पडते, याचे पहिले कारण हीच अंडी होत. पुष्कळशा औषधांचा अंड्यांवर पुरेसा परिणाम होत नाही. आज जिवंत ढेकूण मेले, तरी दहा दिवसांनी नवी पिल्ले बाहेर पडतात. म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी करून घेणे आवश्यक असते. कधी तिसरीही करावी लागते. दुसरे कारण म्हणजे औषधाला न जुमानण्याची ढेकणाची शक्ती. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधून काढला आणि त्यासाठी १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यापूर्वीच, १९४७ साली, हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे डी.डी.टी.ला दाद न देणारे ढेकूण आढळून आले होते. पुढे आलेल्या अनेक औषधांची कहाणी फारशी निराळी नाही. केवळ औषधावर विसंबणाऱ्याचा पराभव होतो, तो असा.

फवारणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात काय करू नये, हे आधी ध्यानी घ्यावे. भिंतीच्या कडा, पलंगाचे सांधे आणि दारांच्या चौकटी लगेच धुऊन काढू नयेत. तेथे राहिलेल्या औषधाच्या थरावरून चालतानाच उरलेला ढेकूण मरत असतो. फरशीचा मधला भाग पुसण्यास हरकत नाही. औषध वाळून खोलीत वारा खेळला, की पूर्वीच्याच अंथरुणावर झोपावे. भीतीपोटी शेजारच्या खोलीत निजण्याचा मोह अनेकांना होतो. माणसाच्या उच्छ्वासाचा आणि उबेचा माग काढीत ढेकूणही मग त्या खोलीत जातो आणि एका खोलीचा उपद्रव दोन खोल्यांत पसरतो. त्याच कारणास्तव गाद्या-उशा एका खोलीतून दुसरीत उघड्या नेऊ नयेत.

कपड्यांच्या बाबतीत उष्णता हे सर्वांत निर्धोक औषध होय. सुमारे पन्नास अंश सेल्सियस उष्णता वस्तूच्या आतपर्यंत पोहोचून काही काळ टिकली, तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, अभ्रे आणि मच्छरदाणी कढत पाण्यात भिजवून धुवावीत व कोरड्या पिशवीत बांधून ठेवावीत. भाद्र महिन्यात पावसाने उघडीप दिली, की कपडे, पुस्तके आणि रजया उन्हात घालण्याची चाल बंगाली घरांत आहे. ही चाल उत्तम; परंतु कापसाच्या जाड गादीच्या पोटात उन्हाची धग पुरेशी पोहोचत नाही आणि वरचा ढेकूण सावलीच्या बाजूस सरकतो. तेव्हा गादीची प्रत्येक शिवण उलगडून पाहिली पाहिजे. अंडी दिसतील तेथे ताठ ब्रशने घासावे आणि निघालेला केर पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाकावा.

पलंग भिंतीपासून वीतभर दूर असावा. चादर किंवा मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नये. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र उष्ण प्रदेशातील ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावरही बऱ्यापैकी चढू शकतो, असे मलेशियातील अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून वाटी कोरडी ठेवून तिच्या आतील कडेस अंगाला लावायची पावडर चोळली, तर पाय घसरून तो आत अडकतो आणि घरात ढेकूण उरला आहे की नाही, याची खूणही मिळते. पलंगावर पांढरी चादर घालावी. तिच्यावर काळसर ठिपके, रक्ताचे डाग किंवा टाकलेली कात दिसते का, हे आठवड्यातून एकदा, विजेरीच्या उजेडात, पाहावे. लाकडातील भेगा लांबीने व भिंतीतील भेगा सिमेंटने बुजवाव्यात.

घर स्वच्छ झाले तरी ढेकूण बाहेरून पुन्हा येऊ शकतो. दुर्गापूजेच्या सुमारास पाहुण्यांची ये-जा वाढते आणि अनेक बंगाली कुटुंबे याच सुट्टीत प्रवासाला निघतात. प्रवासातून आलेली बॅग पलंगावर न ठेवता मोकळ्या फरशीवर उघडावी, कपडे थेट धुण्यास टाकावेत आणि बॅगेच्या शिवणी तपासाव्यात. जुने लाकडी सामान किंवा कॉलेज स्ट्रीटवरून आणलेली जुनी पुस्तके घरात घेताना खाचा आणि बांधणी पाहून घ्यावी.

काही जण अधीर होऊन जहाल विषाकडे वळतात. धान्याच्या कोठारात ठेवावयाच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून सुटणारा वायू भिंतीपलीकडच्या खोलीतही जातो आणि त्याने माणसे दगावली आहेत. रॉकेल शिंपडल्याने आगीचे भय तेवढे वाढते.

आणि सर्वांत घातक गोष्ट म्हणजे लपवालपवी. ढेकूण झाले हे सांगण्याची लाज वाटते. मग आळ घेतला जातो तो नव्या भाडेकरूवर किंवा घरकाम करणाऱ्या बाईवर. पुराव्यावाचून घेतलेला आळ किती फसवा असतो, याचा दाखला कोलकात्याच्याच इतिहासात आहे. काळा आजार ढेकणामुळे पसरतो, असा संशय विसाव्या शतकाच्या आरंभी होता. पॅटन यांनी १९०७ साली तसे मत मांडले होते. पुढे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी १९२४ साली त्या रोगाच्या जंतूंची वाढ वाळूमाशीच्या शरीरात दाखवून दिली आणि १९४२ साली स्वामीनाथ, शॉर्ट व अँडरसन यांच्या प्रयोगांनी वाळूमाशीवरील आरोप सिद्ध झाला. ढेकूण त्या आरोपातून सुटला. तो झोप मोडतो, अंगाला खाज आणतो. पण माणसामाणसांत रोग पसरविल्याचे त्याच्यावर निश्चितपणे सिद्ध झालेले नाही.

एका कीटकाची बाजू इतक्या चिकाटीने तपासली जाते, तर माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. ढेकूण श्रीमंत-गरीब पाहत नाही आणि स्वच्छ घरातही येतो. एका इमारतीतील वरच्या, खालच्या आणि बाजूच्या बिऱ्हाडांनी एकमेकांना वेळीच सांगून एकाच वेळी तपासणी केली, तर भिंतीतील फटींतून इकडून तिकडे पळण्याची त्याची वाट बंद होते. एकट्या घराने कितीही खर्च केला, तरी शेजारचे मौन तो निष्फळ ठरवू शकते.

शेवटच्या फवारणीनंतर दोन-तीन महिने नवा डाग नाही, कात नाही, वाटीत काही सापडले नाही, असे झाले म्हणजे घर मुक्त झाले असे समजण्यास हरकत नाही. तोवर आठवड्यातील एक पाव घटका, एक विजेरी आणि शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोललेले दोन शब्द, एवढे पथ्य प्रत्येक कुटुंबाला पाळता येण्याजोगे आहे.