तूप, तेल, मीठ आणि हृदय

रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. ते शरीरातच, मुख्यतः यकृतात तयार होते. तेलाच्या पिशवीवर ठळक अक्षरांत छापलेला 'कोलेस्टेरॉलमुक्त' हा शब्द म्हणूनच फारसे काही सांगत नाही. शेंगदाणा, करडई, सरकी, पाम, खोबरेल यांपैकी कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात मोजण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच. महत्त्व असते ते तेलातल्या स्निग्धाम्लांना. संपृक्त स्निग्धाम्ले जास्त झाली, की रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ओढून घेण्याची यकृताची क्षमता मंदावते आणि ते एलडीएल धमन्यांच्या भिंतींत साचू लागते. खोबरेल तेल सुमारे 90 टक्के संपृक्त, पाम तेल जवळपास निम्मे. शेंगदाणा तेलात हे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास, तर करडईच्या तेलात दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते.

अंड्याची बदनामीही याच गैरसमजातून झाली. एका बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते खरे, पण बहुतेकांच्या रक्तातली पातळी त्याने थोडीच हलते. दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून 2015 नंतर वगळली गेली. मधुमेह किंवा आधीच वाढलेले एलडीएल असणाऱ्यांनी मात्र अंड्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

साजूक तुपाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्याला विष ठरवतो, कोणी औषध, दोन्ही चूक. तूप सुमारे 60 टक्के संपृक्त असते. वरणभातावरच्या एका लहान चमच्यातून, म्हणजे पाच ग्रॅम तुपातून, तीन ग्रॅम संपृक्त स्निग्धाम्ले पोटात जातात. 2000 कॅलरींच्या आहारात ती दिवसाकाठी 22 ग्रॅमपर्यंत असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेचा हिशेब निघतो. एका चमच्याने तो बिघडत नाही. पुरणपोळीबरोबर वाटीभर तूप रोजचे झाले, तर नक्की बिघडतो.

त्याहून मोलाचा प्रश्न असा, की तूप काढल्यावर त्या जागी काय आले? अनेक घरांत ती जागा स्वस्त वनस्पती तुपाने घेतली. ते बनवताना तेल घट्ट करण्यासाठी तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण केले, की ट्रान्स फॅट तयार होते. ते एलडीएल वाढवते आणि एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, घटवते, म्हणजे संपृक्त स्निग्धाम्लांपेक्षाही घातक ठरते. भारतात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. हा नियम फार आधी यायला हवा होता. दुसरीकडे, तूप-तेल कमी करून त्याऐवजी दोन वाट्या जास्तीचा पांढरा भात, मैद्याची बिस्किटे किंवा साखरेचा चहा घेतला, तर फायदा होत नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, एचडीएल उतरते. भारतीयांच्या रक्ततपासणीत ही जोडी सर्रास दिसते. त्या जागी शेंगदाणे, उसळी, मासे किंवा असंपृक्त तेल आले, तर हृदयविकाराचा धोका खरोखर कमी होतो. अर्थात चांगल्या तेलालाही मोजमाप लागतेच. माणशी दिवसाला 25 ग्रॅम धरले, तर चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो पुरावे, आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

उपवासाला सैंधव चालते, म्हणून ते हृदयालाही चालते, हा समज तर घरोघरी आहे. सैंधव बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते आणि रक्तदाब सोडियमने वाढतो, मग मिठाचा रंग गुलाबी असो वा पांढरा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट लहान चमच्याहून कमी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यात भाजी-आमटीतले मीठ येते, तसेच लोणच्यातले आणि फरसाणातलेही. पापडखार आणि ढोकळ्यातला खाण्याचा सोडा खारट लागत नाहीत, पण सोडियम त्यांतूनही मिळते.

पोटॅशियमयुक्त मीठ हा खरा वेगळा पर्याय. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा शरीरातले पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.