घरगुती ध्वनिमुद्रण कक्षातील विद्युत व्यत्यय व स्पीकरचे दोष : स्वरूप आणि निदान

प्रास्ताविक

संगणक, मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस आणि स्पीकरची एक जोडी एवढ्या सामग्रीवर आज घरातील एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रण कक्ष उभा राहू शकतो. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन घरून करावे लागले, तेव्हापासून अशा कक्षांचा वापर अध्यापकवर्गातही वाढला. व्याख्यानांबरोबर बोलीभाषांचे नमुने, लोकगीते, वृद्ध कलावंतांच्या मुलाखती यांचेही मुद्रण तेथे होऊ शकते. बिघडलेले व्याख्यान दुसऱ्या दिवशी पुन्हा देता येते. मात्र नव्वदी गाठलेल्या स्त्रीने जात्यावरच्या ओव्या एकदा गायिल्या, की त्या पुन्हा तशाच मिळतील याची शाश्वती नसते. अशा मुद्रणाखाली सतत ‘घूंऽऽ’ असा गुणगुणाट राहिला, तर अभ्याससाधन म्हणून त्याचे मूल्य कायमचे उणावते.

या गुणगुणाटावर एक उपाय सर्रास सांगितला जातो. तो म्हणजे थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन, अर्थात अर्थिंग, तोडून टाकणे किंवा मधे टू-पिन ॲडॉप्टर बसवणे. या उपायाने आवाज पुष्कळदा खरोखरच थांबतो आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. गुणगुणाटाचे मूळ विजेच्या अर्थिंगमध्ये नसून ध्वनिसंकेताच्या जोडणीत असते आणि त्याचा परिहारही तेथेच करावयाचा असतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

आवाजावरून कारणाचा शोध

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ कंप्रतेचा आहे. त्यामुळे विजेतून येणारा व्यत्यय ५० हर्ट्झ किंवा त्याच्या पटीत आढळतो. रोहित्राच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेला गुणगुणाट खर्जातला व गुळगुळीत असतो. उलट, प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना १०० हर्ट्झ व त्याच्या पटीतील कंप्रता निर्माण होतात आणि आवाज भणभणाटाकडे झुकतो. पंख्याचे किंवा दिव्याचे ट्रायॅकवर चालणारे रेग्युलेटर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापून टाकतात. त्यातून उद्भवणारा भणभणाट तर चांगलाच टोकदार असतो. कपॅसिटरवर चालणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या रेग्युलेटरचा उपद्रव त्या मानाने बराच कमी. चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर मुद्रण करणे शक्यतो टाळावे.

‘टक्-टक्-टर्रर्र’ असा आवाज मोबाइलचा असतो. २जी पद्धतीत फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा स्फोटासारखे तुटक प्रक्षेपण करतो आणि तीच लय विवर्धकात शिरते. संगणकाचा माउस हलविताच बदलणारी बारीक किणकिण संगणकाच्या अंतर्गत पुरवठ्यातून यूएसबीमार्गे येते. नुसती सळसळ मात्र विजेचा व्यत्यय नव्हे. ती विवर्धकाची स्वाभाविक असते. स्पीकरला कान लावल्यावरच ऐकू येत असेल, तर तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

संगीताच्या अभ्यासकांसाठी या आकड्यांना आणखी एक अर्थ आहे. ‘पांढरी एक’मध्ये षड्ज सुमारे १३०.८ हर्ट्झचा मानल्यास तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम ९८.१ हर्ट्झवर येतो. विजेचा १०० हर्ट्झचा स्वर त्याहून किंचित चढा असल्याने दोहोंमध्ये सेकंदाला सुमारे दोन स्पंद पडतात. तानपुरा बेसूर झाल्याचा भास होतो आणि जुळलेली तार पुन्हा पिळण्याचा मोह होऊ शकतो. अशा वेळी प्रथम तानपुरा स्तब्ध करून खोली ऐकावी.

अर्थिंगचे वेटोळे

घरगुती कक्षातील गुणगुणाटाचे एक नेहमीचे कारण म्हणजे अर्थिंगचे वेटोळे. मिक्सर एका भिंतीवरील सॉकेटला आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवरील सॉकेटला जोडलेला आहे, असे समजू. दोन्ही उपकरणांना अर्थिंग आहे; परंतु दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगचा विद्युत दाब तंतोतंत सारखा नसतो. आता ध्वनीची केबल जोडताच तिच्या जाळीच्या आवरणातून दोन्ही अर्थिंग एकमेकांना भिडतात आणि दाबातील फरकामुळे त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. साध्या, म्हणजे असंतुलित, केबलमध्ये हीच जाळी संकेताची परतीची वाटही असते. घरगुती उपकरणांची संकेतपातळी सुमारे ०.३१६ व्होल्ट असते. जाळीवर केवळ १ मिलिव्होल्टचा दाब पडला, तरी गुणगुणाट संकेताच्या खाली फक्त ५० डेसिबल राहतो. गाण्यातील विरामांत तो स्पष्ट जाणवतो.

मायक्रोफोनच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. डायनॅमिक मायक्रोफोन मोठ्या आवाजालाही एक-दोन मिलिव्होल्टच देतो आणि त्याचा संकेत ६० डेसिबलने, म्हणजे हजारपट, वाढवावा लागतो. संकेतात शिरलेला व्यत्ययही अर्थातच हजारपट वाढतो.

यावरील मूलभूत उपाय म्हणजे संतुलित जोडणी. तीत संकेतासाठी दोन तारा असतात व जाळी वेगळी राहते. बाहेरचा व्यत्यय दोन्ही तारांत सारखाच शिरतो. स्वीकारणारे उपकरण दोन तारांतील फरक तेवढा घेते आणि समान भाग बाद करते. दोन तारांत परस्परविरुद्ध संकेत असतात म्हणून व्यत्यय बाद होतो, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अपुरे आहे. बिल व्हिटलॉक या अभियंत्याने १९९५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे येथे समतोल लागतो तो दोन तारांच्या संरोधांचा. त्यामुळे एकाच तारेवर संकेत देणारी, परंतु दोन्ही संरोध समान राखणारी उपकरणेही व्यत्यय उत्तम रीतीने टाळतात.

तरीही संतुलित केबल वापरून गुणगुणाट उरतो, असा अनुभव येऊ शकतो. त्याचे एक कारण नील मन्सी यांनी त्याच वर्षी मांडले. काही उपकरणांत केबलची जाळी धातूच्या पेटीला न जोडता आतील मंडलफलकाला जोडलेली असते. त्यामुळे जाळीतील प्रवाह थेट विवर्धकाच्या पोटात शिरतो. एक्सएलआर जोडणीत जाळी पहिल्या पिनेला असल्याने हा दोष ‘पिन एक समस्या’ या नावाने ओळखला जातो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २००५ मध्ये यासंबंधी एईएस ४८ हे मानक प्रसिद्ध केले. ग्राहकाला पेटी उघडून दुरुस्ती करणे सहसा शक्य नसते. तेथे १:१ चे ध्वनिरोहित्र मधे घालणे हा व्यवहार्य मार्ग आहे. स्वस्त रोहित्रे खर्जाचे स्वर गिळतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अर्थिंग तोडण्यातील धोका

यार्डबर्ड्स या इंग्लिश वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये लंडनमधील आपल्या घरी अर्थिंग सदोष असलेले विद्युत गिटार वाजविताना मृत्युमुखी पडला. त्यापूर्वी १९७२ मध्ये स्वॉन्झी येथे लेस हार्वे हा गिटारवादक मायक्रोफोनला स्पर्श होताच रंगमंचावर दगावला. तो मायक्रोफोनही नीट अर्थ केलेला नव्हता.

या घटनांमागील कार्यकारणभाव सरळ आहे. उपकरणातील आवरण झिजून फेज धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहून फ्यूज किंवा एमसीबी पुरवठा तोडते. पिन तोडलेली असेल तर प्रवाहाला वाटच राहत नाही आणि पेटी २३० व्होल्टवर तशीच बसून राहते. ती वाट मग एका हाताने गिटार व दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरणारा माणूस पुरवतो. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. पिन तोडलेल्या स्पीकरला ध्वनीच्या केबलच्या जाळीतून मिक्सरचे अर्थिंग मिळत राहते, म्हणून सर्व सुरळीत भासते. दोष उद्भवला असताना कोणी ती केबल उपसली, की पेटी निराधार होते. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी जीव वाचवू शकते आणि ते बसवावेच. तथापि ते अर्थिंगला पर्याय नाही.

जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असते, पण त्यामागे तारच नसते, असेही आढळते. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर हाच संशय घ्यावा. पुरवठ्यातील गाळणी-कपॅसिटरमुळे अशी पेटी जवळपास निम्म्या दाबावर तरंगते. ही तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ असे लिहिलेले बटण असते. ते ध्वनिकेबलची जाळी एका टोकाला विलग करते. विजेच्या अर्थिंगला स्पर्श करीत नाही. ते निर्धास्त वापरावे. नावातील साम्यामुळेच प्लगची पिन तोडण्यालाही तांत्रिक मान्यता असल्याचा गैरसमज पसरत असावा.

निदानाचा क्रम

सर्वप्रथम दोष मुद्रणात आहे की केवळ स्पीकरमध्ये, हे ठरवावे. मुद्रित फाइल दुसऱ्या यंत्रावर हेडफोनने ऐकल्यास याचा उलगडा होतो. दोष स्पीकरपुरता असेल तर त्याच्या सर्व ध्वनिकेबल काढाव्यात. तरीही १०० हर्ट्झचा गुणगुणाट राहिला, तर स्पीकरच्या पुरवठ्यातील कपॅसिटर वाळला असण्याचा संभव मोठा. आवाज थांबला, तर एकेक केबल पुन्हा जोडत जावे. ज्या केबलने तो परत येतो, तेथे वेटोळे आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चाचणी घेणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग होय. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या ॲडॉप्टरलाही तोच न्याय.

सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यास अर्थिंगमधील फरक बहुतांशी मावळतो. लहान कक्षाचा भार ५०० वॉट धरला तरी प्रवाह दोन अँपिअरच्या आसपासच असतो, तेव्हा ६ अँपिअरचे सॉकेट त्यास पुरेसे आहे. विजेच्या तारा व ध्वनिकेबल समांतर नेऊ नयेत. एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडाव्यात.

संगणकीय गाळणीने गुणगुणाट नंतर काढता येतो, हे खरे. परंतु पुरुषी आवाजाची मूळ कंप्रताच साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या टापूत असते. १०० हर्ट्झ कापताना आवाजातील काही अंशही जातो, आणि तानपुऱ्याचा पंचमही जवळच असतो. मूळ फाइल न पुसता प्रतीवरच असा प्रयोग करावा.

स्पीकरचे दोष

एक स्पीकर बंद पडला की तो दुरुस्तीस नेण्यापूर्वी डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल करावी. शांतता दुसऱ्या बाजूला सरकली, तर स्पीकर निर्दोष असून दोष त्याच्या आधीचा आहे. दोन्ही स्पीकर चालू असूनही खर्ज पोकळ वाटत असेल व मध्यभागी ऐकू यायला हवा तो आवाज विखुरला असेल, तर एका स्पीकरच्या तारांची ध्रुवता उलटी जोडली गेली आहे. आत विवर्धक नसलेल्या आठ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर साधारणतः साडेपाच ते सात ओहम दिसतो. अनंत दिसल्यास गुंडाळी तुटलेली आहे किंवा तिच्याकडे जाणारी जोडणी निसटली आहे. सुरू करताना स्पीकर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रम पाळल्यास अन्य उपकरणांचे धक्के त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

कोकण व मुंबईच्या दमट हवेत आणखी दोन तक्रारी उद्भवतात. जॅक व व्हॉल्यूमच्या खुंट्या गंजून खरखरतात. त्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. दुसरी म्हणजे शंकूभोवतीची फोमची कड. पॉलियुरेथेनचा हा फोम ओलाव्याने विघटित होतो आणि काही वर्षांनी बोट लावताच चुरा पडतो. खालच्या स्वरांना फडफड ऐकू आल्यास जाळी काढून ही कड प्रथम पाहावी. शंकू व गुंडाळी शाबूत असतील तर केवळ कड बदलून स्पीकर वाचतो; कड फाटलेली असताना तो तसाच मोठ्याने वाजवीत राहिल्यास गुंडाळी चुंबकाला घासते आणि मग संपूर्ण स्पीकरच बदलावा लागतो.