भुशीचा खडक आणि आपला श्वास

गेल्या आषाढांत आम्ही सहकुटुंब लोणावळ्यास गेलों होतों. भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरत होतें आणि मुलें त्यांत मनसोक्त भिजत होतीं. इतक्यांत धाकट्या पुतणीनें एक काळा दगड आमच्या हातीं देऊन विचारलें, "काका, ह्याला इतकीं भोकें कशीं पडलीं?" प्रश्न लहान, पण त्याचें उत्तर थेट वातावरणाच्या जन्मापर्यंत जाऊन पोंचतें.

तीं भोकें म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या खुणा होत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस भेगा पडून तप्त शिलारस वाहिला. तो थिजतांना आंतील वायु निसटले, पण त्यांची जागा तशीच राहिली. पृथ्वीचें आद्य वातावरणहि बहुतांशीं अशाच उद्रेकांतून घडलें. सुमारें ४५० कोटी वर्षांपूर्वीं जन्मलेल्या त्या तप्त गोलाच्या पोटांतून वाफ, कर्बवायु व नत्रवायु बाहेर पडले. पुढें तो निवाला, वाफेचा पाऊस झाला आणि समुद्र भरले. मोकळा प्राणवायु मात्र जवळजवळ नव्हताच. तो समुद्रांतील सूक्ष्म जीवांनीं सूर्यप्रकाशाच्या साह्यानें निर्माण केला. आरंभीं पुष्कळसा लोखंडाला गंज चढविण्यांतच खर्च झाला. सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं तो हवेंत सांठूं लागला. त्यापासूनच ओझोनचें छत्र तयार झालें, आणि त्याच्या आश्रयानें जीवसृष्टि जमिनीवर पसरली. आज हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु आहे.

ज्या खडकानें वायु सोडले, तोच आतां कर्बवायु परत घेत असतो. पावसाचें पाणी हवेंतील कर्बवायु शोषून किंचित् आम्ल बनतें व खडक झिजवितें. विरघळलेले क्षार इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस आणि अखेर पूर्वसमुद्रास मिळतात. समुद्रांत शिंपल्यांच्या व चुनखडीच्या रूपानें तो कर्ब बंदिस्त होतो.

भुशीचें धरण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून बांधलें होतें. त्या इंजिनांत जळणारा कोळसा म्हणजे प्राचीन वनस्पतींनीं हवेंतून काढून ठेवलेला कर्बच. कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें हवेंतील कर्बवायूचें प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारें २८० होतें तें ४२० च्या वर नेलें आहे, आणि त्यामुळें पृथ्वी तापत आहे. हा बोजा खडकाकडून फिटावयास लाखों वर्षें लागतील. आपण तो दोन-अडीचशें वर्षांतच चढविला.

वडिलार्जित ठेव खर्च करतांना जाणतें कुटुंब पुढील पिढीचा विचार करतें. हवा ही तशीच ठेव आहे, आणि तिचे वारस त्या पायऱ्यांवर खेळत होते. पुतणीनें तो दगड घरीं आणून आमच्या मेजावर ठेवला आहे. दिवा उगाच जळत राहिला कीं ती आम्हांस त्याच्याकडे बोट दाखविते!