पूस नदीचे पहिले पाणी

पुसद शहराला जिच्यावरून नाव मिळाल्याचे सांगितले जाते, ती पूस नदी उन्हाळ्यात सांडपाण्याच्या डबक्यांपुरतीच उरते. मृगाचा दमदार पाऊस झाला की पुलावर बघ्यांची गर्दी होते आणि ‘नदी आली’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ती अजून आलेली नसते. शहराच्या वरच्या अंगाला १९७१ साली पूर्ण झालेले पूस धरण आहे. वरच्या खोऱ्यातला पहिला पाऊस तेथे अडतो. पुलाखालून वाहत असते ते धरणाखालच्या नाल्यांचे आणि शहराच्या गटारांचे धुवण.

या पाण्याबरोबर महिनोन्महिने साचलेला गाळ ढवळला जातो. त्यातील सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपवतात. पाणवनस्पतींकडून रात्री प्राणवायू मिळत नाही, म्हणून पहाटे ही टंचाई सर्वाधिक असते. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि काठावर बगळे, वंचक यांची रांग लागते. देखावा मोठा मनोहर! पण पक्षी वाढले म्हणजे नदी सुधारली, हा निष्कर्ष अशा वेळी फसवा ठरतो. तेथे मेजवानी चालली आहे ती गुदमरलेल्या माशांची.

पुढे पाऊस स्थिरावला, धरण भरले आणि सांडव्यावरून पाणी सुटले की घाण पातळ होते, जलपर्णीचे पुंजके वाहून जातात. मात्र काळ्या मातीमुळे पाणी गढूळच राहते. हवेत एका जागी फडफडत राहून थेट पाण्यात सूर मारणाऱ्या कवड्या खंड्याला त्यात मासा दिसत नाही. तो निवळ पाण्याकडे सरकतो. त्याचा निळ्या पंखांचा भाऊबंद मात्र नाकतोडे, खेकडे, बेडूक यांवरही भागवतो, म्हणून तारेवर बसलेला आढळतो. काठच्या डबक्यांत मोठ्या बेडकांचे नर विणीसाठी पिवळेधमक होतात. त्यांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबवली, हे अनेकांना ठाऊक नसते.

निरीक्षण पुलावरून किंवा उंच काठावरूनच करावे. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत शेजारच्या महागाव तालुक्यात पुराने वेढलेल्या नागरिकांसाठी हवाई दलाला पाचारण करावे लागले होते. या भागातले पाणी किती वेगाने चढते, याची त्यावरून कल्पना यावी. दुर्बीण नसली तरी चालेल, वही हवी. रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी उभे राहून तारीख, पाण्याचा रंग, वास, फेस आणि दिसलेले पक्षी लिहावेत. मेलेले मासे दिसल्यास तेही, वेळेसह. सप्टेंबरअखेर पाणी निवळू लागते. त्यानंतर एखाद्या सकाळी शेपटी हलवत धोबी पक्षी खडकावर उतरला, की वहीतले ते पान हिवाळी पाहुण्यांचे.