‘कंट्रोल’चे दुकान बचत गटाच्या हाती जाते तेव्हा

किराणा दुकानाचा मालक बदलला की बदल लगेच डोळ्यांत भरतो. पाटी नवी होते, जुन्या उधारीचा हिशेब मिटतो, फळीवर चार जिन्नस वाढतात. गावातील रास्त भाव दुकानाचे तसे नसते. विदर्भातील जुन्या पिढीच्या तोंडी या दुकानाचे नाव अद्याप ‘कंट्रोल’ असेच आहे. येथे माल शासनाचा, भाव शासनाचा आणि कोणाला किती द्यायचे हेही शासनानेच ठरविलेले. मग अशा दुकानाचा चालक बदलल्याने नेमके काय बदलते?

हा प्रश्न महाराष्ट्रात 3 नोव्हेंबर 2007 च्या शासन निर्णयाने उभा केला. नवीन रास्त भाव दुकाने देताना महिला बचत गटांना प्राधान्य द्यावे, असे त्या निर्णयाने ठरले. तोवर हे दुकान बहुधा एकाच घरात असे. ते विकता येत नाही, कारण दुकानदाराकडे असते ते केवळ प्राधिकारपत्र. पण वडिलांमागे ते मुलाच्या नावे होत असल्याने व्यवहारात ती घरची इस्टेटच मानली जाई. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानेही पंचायती, बचत गट व सहकारी संस्थांना पसंती द्यावी आणि व्यवस्थापन महिलांकडे असावे, असे म्हटले. दुकानदाराने राजीनामा दिला, प्राधिकारपत्र रद्द झाले किंवा गावाला नवे दुकान मंजूर झाले की जाहीरनामा निघतो, गट अर्ज करतात, ग्रामसभेत निवड होते आणि प्रकरण तहसील कार्यालयामार्फत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे जाते. ऐकायला सोपे वाटते. परंतु गावात दोन-तीन गट असले की त्या ग्रामसभेला निवडणुकीचा रंग चढायला वेळ लागत नाही.

भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणी या बदलाचा अर्थ समजून घ्यायचा तर आधी धानाचे वेळापत्रक पाहावे लागते. 1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या या सात तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक धान हेच आहे. रोवणीच्या दिवसांत मजूर बायका सकाळीच बांधीवर जातात आणि दिवेलागणीला परततात. दुकान दुपारी उघडून संध्याकाळी बंद होत असेल, तर धान्य घ्यायला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते. शहरातील वाचकाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण पाच किलो तांदळासाठी दिवसाचा रोज सोडणे हा तोट्याचाच सौदा आहे. गटातील बायका स्वतःच रोवणीला जाणाऱ्या असतील, तर दुकानाची वेळ कोणती असावी हे त्यांना परिपत्रकातून समजावून सांगावे लागत नाही. खरा बदल कुठे होऊ शकतो, तर तो येथे: फळीवरच्या मालात नव्हे, दार उघडण्याच्या वेळेत.

दुसरा बदल तराजूपाशी. एकटा दुकानदार ‘माल आला नाही, पुढच्या महिन्यात या’ असे म्हणाला, तर प्रश्न कोणी विचारायचा? गटात मात्र दहा-बारा घरांच्या बायका असतात आणि ट्रक कधी आला, पोती किती उतरली हे त्या सर्वांना ठाऊक असते. गुप्तता राखणे अवघड होते. अर्थात याचे सगळे श्रेय गटांना देणे योग्य नव्हे. ई-पॉस यंत्र आल्यापासून अंगठा लावल्याशिवाय धान्याची नोंद होत नाही व छापील पावती मिळते. शिवाय शिधापत्रिका दुसऱ्या दुकानातही चालत असल्याने एकाच दुकानदाराच्या मर्जीवर राहण्याची वेळ टळली. यंत्राच्या अडचणी वेगळ्याच. चिखलात राबून झिजलेल्या बोटांचे ठसे अनेकदा उमटत नाहीत. नव्या यंत्रांत डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटविण्याची सोय आली, ती यासाठीच. अशा वेळी समोरच्या बाईला परत पाठवायचे की थांबवून पुन्हा प्रयत्न करायचा, हे मात्र यंत्र ठरवीत नाही.

आता पैशाचे. प्राधान्य गटातील व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते. दुकानाला असे दीड हजार लाभार्थी जोडलेले आहेत असे धरले, तर महिन्याला 75 क्विंटल धान्य वाटले जाईल. दुकानदाराचे मार्जिन क्विंटलमागे 150 रुपये होते. 2025 मध्ये ते 170 करण्याचा निर्णय झाला. म्हणजे हाती येतील 12,750 रुपये. त्यातून जागेचे भाडे, वीज, हमाली वजा करायची आणि उरलेले दहा जणींत वाटायचे. 2023 पासून हे धान्य मोफत झाले. त्यापूर्वी तांदूळ तीन व गहू दोन रुपये किलो होता. माल मिळण्याआधी चलन भरावे लागे आणि बचतीतून उभ्या राहिलेल्या गटाला ते भांडवल जमविणे जड जाई. तो भार गेला, पण गिऱ्हाइकाकडून गल्ल्यात येणारा पैसाही थांबला. मार्जिन शासनाकडूनच यायचे. ते वेळेवर आले नाही, तर घरच्या पैशातून दुकान रेटावे लागते. नियंत्रणाबाहेरच्या वस्तू ठेवण्याची मुभा आहे, पण त्यासाठी पुन्हा भांडवल हवेच.

गटांना खरा धोका याच तोकड्या मिळकतीत आहे. दोन-तीन जणी उत्साहाने बसतात, बाकीच्या मजुरीला जातात, आणि हळूहळू दुकान एकीच्या नवऱ्याच्या किंवा जुन्याच दुकानदाराच्या ताब्यात सरकू शकते. पाटीवर गटाचे नाव, तराजूवर हात दुसऱ्याचा. कागदोपत्री हे कोठेच दिसत नाही. ओळखण्याची खूण साधी आहे: गटाची मासिक बैठक होते का, दुकानाचा हिशेब त्या बैठकीत वाचला जातो का, आणि धान्य वाटपाच्या दिवशी यंत्रापाशी कोण बसलेले असते.

बहुतेक ठिकाणी तपासणीला येणारा निरीक्षक साठा मोजतो, पावत्या पाहतो, दरफलक लावला आहे की नाही ते बघतो. बैठकीची वही मात्र तो क्वचितच मागतो.